पाकिटावर न छापलेली ओळ

किराणा दुकानात मी तांदळाचं पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचायला लागलो की माझी पत्नी पुढे निघून जाते. तिला वाटतं, निवृत्तीनंतर माणूस असाच रिकामटेकडा होतो. तसं नाही. ही सवय मला एका बाईमुळे लागली. चौतीस वर्षांच्या नोकरीत खून, दरोडे, दंगली सगळं पाहिलं, आणि त्यातलं बरंचसं आता पुसट झालं आहे. कुणाचं नाव आठवतं तर गाव आठवत नाही. पण सोलापुरातलं हे तांदळाचं प्रकरण मात्र अजून जसंच्या तसं डोळ्यांसमोर आहे. त्यात कुणी कुणाला बोटही लावलं नव्हतं.

निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. शहरातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. मे महिन्याचे दिवस होते, आणि सोलापूरचा मे म्हणजे सकाळी नऊलाच खुर्चीची पाठ तापते. त्या दिवशी कुणा पाहुण्यांच्या दौऱ्याचा बंदोबस्त होता. हजेरी झाली, माणसं वाटून दिली, कोठडीतल्या दोघांना कोर्टात पाठवायचे कागद झाले. मी उठणार तेवढ्यात ठाणे अंमलदार दारात आला.

"साहेब, एक बाई सकाळपासून बसलीय. तांदळाची तक्रार हाय म्हणती. अन्न खात्यात जा म्हणून सांगितलं, ऐकत न्हाय."

"पाठव."

तिशीतली बाई होती. सात रस्त्याच्या मागच्या वस्तीत राहायची. नवरा मालवाहू टेम्पो चालवायचा. माहेर कुर्डुवाडीचं, वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये कामाला होते, आणि तिथेच ती बारावीपर्यंत शिकली होती. हे सगळं तिच्या अर्जात पहिल्याच परिच्छेदात होतं. तिने टेबलावर पाच किलोच्या तांदळाचं फोडलेलं पाकीट ठेवलं, आणि शेजारी काचेची छोटी बाटली. होमिओपॅथीच्या गोळ्यांची असते तशी. बाटलीत तांदळाचे दाणे होते.

"साहेब, हे दाणे बघा. शेतातले नाहीत हे."

मी बाटली हातात घेतली. दाणे तांदळाचेच दिसत होते, जरा जास्त पांढरे आणि खडूसारखे, एवढंच.

"मग कुठले?"

"कारखान्यात करतात. तांदळाच्या पिठात लोह मिसळून पुन्हा दाणा पाडतात आणि साध्या तांदळात थोडे थोडे घालतात. रेशनच्या तांदळात असतात ते. लोकांच्या अंगात रक्त वाढावं म्हणून. चांगलंच आहे ते. पण माझ्या मुलीला थॅलेसेमिया आहे."

मला तो शब्द नीट माहीत नव्हता. तिने समजावून सांगितलं. मुलगी नऊ वर्षांची. तिच्या अंगात धड रक्त तयार होत नाही, म्हणून दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. चढवलेल्या रक्तातलं लोह बाहेर पडत नाही, ते काळजात, यकृतात साठत जातं. ते काढायला गोळ्या असतात. अशा माणसाने लोह घातलेलं अन्न डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये, आणि तशी ओळ त्या पाकिटावर छापायलाच हवी, असा तेव्हा नियम होता.

"म्हणून मी रेशनचा तांदूळ बंद केला," ती म्हणाली. "हे पाकीट विकत घ्यायला लागले. मागचं सगळं वाचून घेतलं. लोह घातलंय असं कुठं लिहिलेलं नाही, अशा अन्नावर असतं ते निळं चिन्ह नाही, ती ओळ नाही. तीन महिने हाच शिजवला. परवा धुताना चार दाणे वर तरंगले. मग मी सगळं पाकीट परातीत ओतून वेचलं. हे निघाले."

मी घड्याळ पाहिलं. खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात दौऱ्याचा मार्ग होता.

"बाई, पाकिटात काय लिहिलं नाही, याचा तपास पोलीस करत नाहीत. त्याला वेगळं खातं आहे. मी अर्ज तिकडे पाठवतो."

"तिकडे जाऊन आले, साहेब. तिथं एकच अधिकारी आहेत आणि ते तालुक्याला गेलेत."

"येतील परत."

मी अर्जावर 'संबंधित विभागाकडे वर्ग' असं लिहून सही केली. नियमात बसणारं होतं ते. ती बाटली घेऊन गेली.

तीन आठवड्यांनी ती पुन्हा आली. आता पाकिटं चार होती, दोन वेगवेगळ्या दुकानांतली, दुकानदारांच्या पावत्यांसह. बाटल्याही चार, प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून तारीख आणि दुकान लिहिलेलं. माझ्या पथकातल्या कुणी मुद्देमाल इतका नीट बांधला असता तर मी त्याची पाठ थोपटली असती. सोबत मुलीच्या रक्ताचे रिपोर्ट होते. अंगातलं लोह आधीच्या तपासणीपेक्षा बरंच वाढलं होतं.

"डॉक्टर मला विचारतात, घरात काय खायला देता?" ती म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "घरचे पण तेच म्हणतात. सासूबाई आता माझ्या हातचं तिला काही खाऊ देत नाहीत. म्हणतात, तूच भलतंसलतं घालतीस."

ते मी ऐकलं आणि सोडून दिलं. घरोघरी असतं, असं मनात म्हणालो.

तिचं काम पुढे सरकलं ते माझ्यामुळे नाही. नातेपुत्याकडचा एक जुना हवालदार माझ्याकडे होता, सरळ, कमी बोलणारा. तो दाराशी उभा राहून ऐकत होता. बाई गेल्यावर म्हणाला, "साहेब, पाकिटाचं ऱ्हाऊ द्या. हे दाणे जर रेशनच्याच तांदळात असत्यात, तर रेशनचा तांदूळ त्या पाकिटात गेला कसा? ते तर आपलं काम हाय की."

इतकी साधी गोष्ट. गरिबांसाठी आलेलं धान्य बाजारात वळवणं हा गुन्हा आहे, आणि त्या बाईने त्याचा पुरावा माझ्या टेबलावर दोनदा ठेवला होता. तिने ती मुलीची तक्रार म्हणून सांगितली, म्हणून मला ती दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी अन्न खात्याच्या त्या एकट्या अधिकाऱ्याला मी गाठलं. माझ्याइतकाच थकलेला माणूस. त्याच्या पिशवीत रसायनांच्या दोन छोट्या कुप्या होत्या. त्याने चहाची पांढरी बशी मागवली, त्यात बाजारातल्या साध्या तांदळाचा एक दाणा चुरला आणि दोन्ही कुप्यांतले थेंब टाकले. काही झालं नाही. मग बाईच्या बाटलीतला दाणा चुरला आणि पुन्हा थेंब टाकले. पांढऱ्या बशीत लालभडक डाग पसरला.

"लोह आहे," तो म्हणाला. "यात साहेब, दोन गोष्टी असू शकतात. एक तर पाकीट भरणाऱ्याने स्वतः लोहयुक्त तांदूळ तयार करून घेतला आणि सांगितलं नाही. पण त्यात त्याला खर्च आहे, तो उलट मोठ्या अक्षरांत छापेल. दुसरं तुम्हाला कळलंच असेल."

रीतसर नमुने घेतले, पंचांसमक्ष सील केले, प्रयोगशाळेला पाठवले. शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत पाकिटं भरण्याचं ते युनिट होतं. आम्ही छापा घातला तेव्हा मालक स्वतः पुढे आला, खुर्च्या मागवल्या, ताक मागवलं. पन्नाशीचा, मऊ बोलणारा, नातेवाइकांत मानाचा असावा असा. परराज्यातल्या गिरणीकडून तांदूळ घेतल्याची बिलं त्याने एका फायलीत लावून ठेवली होती. वजनकाटे तपासलेले, परवाना भिंतीवर.

ठाण्यात आणून मी त्याला दोन तास प्रश्न विचारले. तो एकदाही चिडला नाही.

"पाकिटावरचा पोषणाचा तक्ता कुठून आणला?"

"दुसऱ्या एका पाकिटावरून उतरवून घेतला, साहेब. सगळेच तसं करतात. तांदूळ म्हणजे तांदूळ, त्यात काय वेगळं असणार?"

"तुमच्या तांदळात लोह घातलेलं आहे."

"गिरणीवाल्याने घातलं असेल. मला काय ठाऊक? साहेब, मी पाकिटावर खोटं काय छापलंय ते दाखवा. जे छापलंच नाही, त्याचा गुन्हा कसा होतो?"

त्याने कागद नीट ठेवले होते, आणि आमच्या खात्यात शेवटी कागद बोलतो. बोलावू तेव्हा हजर राहण्याचं समजपत्र देऊन त्याला सोडलं. संध्याकाळी वरून फोन आला की, चांगल्या व्यावसायिकाला विनाकारण त्रास होतोय असं कानावर आलं आहे. मी 'होय सर' म्हणालो. इतक्या वर्षांत किती वेळा म्हणालो असेन.

छाप्याच्या वेळी काढलेले फोटो हवालदार दोन दिवस पाहत होता. तिसऱ्या दिवशी तो माझ्यासमोर मोबाइल धरून उभा राहिला.

"साहेब, हितं रोज येवढा तांदूळ उतरतो. मग रिकामं बारदान कुटं हाय? एकबी पोतं दिसंना."

धान्याच्या व्यापारात रिकामं पोतं कुणी फेकत नाही. ते विकलं जातं, शिवलं जातं, पुन्हा भरलं जातं. मार्केट यार्डात जुनं बारदान घेणारे मोजकेच लोक आहेत. हवालदार साध्या कपड्यांत, पोती हवीत म्हणून फिरला. दुसऱ्याच ठिकाणी त्याला हवं ते सापडलं. त्याने फोन केला आणि मी गेलो.

पत्र्याच्या शेडमध्ये पोत्यांच्या थप्प्या होत्या, आणि सावलीला एक म्हातारी दाभण आणि सुतळी घेऊन फाटकी पोती शिवत होती. आम्ही पोलीस आहोत हे कळल्यावरही तिचा हात थांबला नाही.

"मावशी, ही पोती उलटी का शिवलीत?"

"उलटी करून शिवा म्हनले. छापा आत गेला पायजे म्हनले. आमाला काय, सांगत्यात तसं शिवायचं."

"कोण म्हणालं?"

तिने मानेनेच शेडच्या मालकाकडे दाखवलं. त्याचा चेहरा तेव्हाच उतरला होता.

मी एक पोतं घेतलं आणि तिथेच उलटवलं. आतल्या बाजूला सरकारी शिक्का होता, निळं चिन्ह होतं, लोह आणि जीवनसत्त्वं घातल्याची नोंद होती, आणि त्याखाली ती ओळ होती. बाईने मला पाठ म्हणून दाखवलेली. थॅलेसेमिया असलेल्या व्यक्तींनी वैद्यकीय देखरेखीखालीच सेवन करावे. त्या एका शेडमध्ये तशी पोती ढिगाने होती. काहींना लॉटची चिठ्ठीही शिवलेली राहून गेली होती. त्या चिठ्ठ्यांवरून एका तालुक्याच्या गोदामाची नोंदवही तपासली तर तो माल रेशन दुकानांना पोहोचला असं लिहिलेलं होतं, सह्यांसकट. बारदानवाल्याने जबाबात युनिटच्या मालकाचं नाव सांगितलं.

मालकाला पुन्हा आणलं, या वेळी अटक करून. मला आरडाओरडा कधी जमला नाही, आणि त्या वयात तर अंगात त्राणही नव्हतं. टेबलावर एक पोतं आणि त्याचं पाकीट शेजारी शेजारी ठेवलं.

"पोत्यावरची शेवटची ओळ वाचा."

त्याने चष्मा लावला. वाचली.

"मोठ्याने."

मोठ्याने वाचली. मग चष्मा काढून पुसायला लागला.

"ही आधी वाचली होती?"

"वाचली होती, साहेब."

"मग?"

"ती पाकिटावर छापली असती तर माल कुठला हे कळलंच असतं. छापणार कशी?" मग अगदी सरळ, हिशेब समजावून सांगावा तसं म्हणाला, "असे आजारी असून असून किती असणार शहरात? मी धरून चाललो, आपल्या गिऱ्हाइकात नसतीलच."

खून करून आलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यांच्या तोंडावर काहीतरी असतं. याच्या तोंडावर काहीच नव्हतं. कुणाचं वाईट व्हावं असं त्याला वाटत नव्हतं. आपला तांदूळ वाढलेल्या ताटावर कोण बसतं, याचा त्याने विचारच केला नव्हता.

गोदामाचा भांडारपाल, वाहतूकवाला आणि हा मालक, असे तिघे आरोपी झाले. जीवनावश्यक वस्तूंचा कायदा, फसवणूक आणि अन्न कायद्यातली कलमं लागली. मुलीच्या प्रकृतीला अपाय केल्याचंही कलम लावावं असं मला वाटत होतं. त्यासाठी डॉक्टरांचा जबाब हवा होता, म्हणून मी रक्त चढवतात त्या केंद्रावर गेलो.

डॉक्टर बाई होत्या, स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी रिपोर्ट पुन्हा पाहिले.

"तांदळाने झालं असं मी लिहून देऊ शकत नाही. अशा मुलांच्या अंगात लोह साठतं ते मुख्यतः चढवलेल्या रक्तातून. तांदळातून जातं ते त्या मानाने फार थोडं. मध्यंतरी तिच्या गोळ्याही काही दिवस चुकल्या आहेत, मिळत नव्हत्या म्हणून. कशाने किती वाढलं, कुणालाच सांगता येणार नाही."

मी त्यांचा जबाब जसाच्या तसा घेतला. ते कलम लागलं नाही.

जबाब नोंदवून घेतल्यावर मुलीच्या आईला ठाण्यात बोलावलं आणि डॉक्टर काय म्हणाल्या ते सांगितलं. फिर्यादीला हे सांगायला हवं असं माझं मत होतं.

"म्हणजे तांदळाने नाही झालं?"

"नाही असंही म्हणत नाहीत. सांगता येत नाही म्हणतात."

"गोळ्या चुकल्या होत्या, ते खरंय," ती म्हणाली. "चौदा दिवस. मी पुण्यापर्यंत फोन केले होते, साहेब."

तिने हातातल्या पिशवीचा बंद गुंडाळला. मग म्हणाली, "एक विनंती आहे. डॉक्टरांचं हे घरी कुणाला सांगू नका. पेपरात बातमी आल्यापासून सासूबाई माझ्याशी बोलायला लागल्यात."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ही बाई माझ्याकडे कशासाठी आली होती. अर्जात तांदूळ होता, दाणे होते, नियम होता. आणि या सगळ्याखाली एवढंच होतं की, मी माझ्या मुलीला विष घातलेलं नाही, हे कुणीतरी सही-शिक्क्यानिशी सांगावं. तिने ते दुसऱ्याच भेटीत मला सांगितलं होतं, आवाज खाली आणून.

मुलीचे मूळ रिपोर्ट नकला काढून परत द्यायचे होते. शिपायाहाती पाठवता आले असते, पण मी स्वतः गेलो. दुपारची वेळ होती. दोन खोल्यांचं घर, दारात टेम्पो. मुलगी खाटेवर बसून चित्रात रंग भरत होती, रंगाने पिवळसर, डोळ्यांनी चुणचुणीत. तिने मला विचारलं, तुमच्याकडे बंदूक आहे का. मी म्हणालो, आज घरी ठेवून आलोय. सासूबाई आतून डोक्यावरचा पदर सारखा करत आल्या आणि माझ्यासमोर बसल्या. म्हाताऱ्या माणसांना आडून विचारता येत नाही.

"साब, सच बोलो. चावलमेंच था न वो?"

सून दाराच्या चौकटीला हात लावून उभी होती. ती माझ्याकडे पाहत नव्हती.

"होय," मी म्हणालो. "तांदळात लोह होतं. आम्ही तपासून घेतलंय."

म्हातारीने मान हलवली. मग सुनेकडे वळून, रोजच्या आवाजात म्हणाली, "साबकू चाय रख. और बच्चीकू खिला, कबसे भूकी है."

बाई आत गेली. थोड्या वेळाने ती ताट घेऊन आली आणि खाटेवर मुलीजवळ बसून तिला भरवायला लागली. मी चहा घेतला आणि निघालो.

खटला अजून चालू आहे. मी निवृत्त झालो, हवालदार निवृत्त झाला, आणि आम्ही दोघं तारखेला कोर्टाच्या बाकावर भेटतो. मालक जामिनावर आहे. युनिट दुसऱ्या नावाने सुरू आहे असं ऐकतो. त्याच्या वकिलाने मागच्या तारखेला सांगितलं की, तज्ज्ञांच्या मते ती इशाऱ्याची ओळ छापायची गरजच नाही, आणि नियमही बदलण्यात आला. तज्ज्ञ म्हणतात ते खरं असेल. मला त्यातलं कळत नाही, आणि भांडायची ताकदही उरलेली नाही. मला एवढंच कळतं की तेव्हा ती ओळ होती, एक बाई ती वाचून आपल्या पोरीचं ताट वाढत होती, आणि कुणीतरी पोतं उलटं करून ती ओळ आत घातली.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं नव्या अधिकाऱ्यांच्या एका वर्गात विचारलं होतं. मी म्हणालो, अर्ज वाचून झाला की माणसाला आणखी एकदा विचारा, तुम्हाला माझ्याकडून काय हवंय? ते बऱ्याचदा अर्जात नसतं. ही गोष्ट मला नोकरीच्या तेहतिसाव्या वर्षी कळली, आणि तोवर मी किती अर्जांवर 'संबंधित विभागाकडे वर्ग' लिहून सही केली असेल, याची नोंद कुठल्याच वहीत नाही.